लोखंड सरते तिथं

दुखणं कसं दाखवावं, याचे झाडेजींचे नियम होते. पंजानं दाखवायचं नाही, बोटानं दाखवायचं, आणि तेही एकाच. एक्स-रेच्या टेबलावर निजवलेला माणूस कमरेपासून गुडघ्यापर्यंत हात फिरवून "हे सारं दुखते जी" असं म्हणाला, की झाडेजी त्याचं मनगट हवेतच धरायचे. "सारं तं माह्यंही दुखते. एका बोटानं सांग. जिथं दाबल्यावर मले शिवी द्यावीशी वाटन तुले, तिथं ठेव." माणूस हसायचा, मग जरा विचारात पडायचा, मग बोट टेकवायचा. शेंबडं पोर असो की पांढऱ्या कपड्यातला पुढारी, नियम सगळ्यांना एकच.

बोट टेकलं, की झाडेजी खिशातून बामची एक रिकामी डबी काढत. तिच्यात सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे असत. त्यातला एक छर्रा बरोबर त्या जागी ठेवायचा आणि वर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. फोटो निघाला की हाडाच्या बाजूला एक पांढराशुभ्र ठिपका दिसे. आमच्याकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात, आणि झाडेजींना 'फोटोवाले बाबा'. तो फोटो माझ्यापुढे ठेवताना ते म्हणायचे, "ही पेशंटची सही झाली, साहेब. आता तुमी तुमची करा."

मला हा सगळा प्रकार खुळचट वाटे. मी मोठ्या शहरात शिकून आलेलो. सायकलच्या दुकानातले छर्रे माणसाच्या अंगाला चिकटवणं हे माझ्या पुस्तकांत बसत नव्हतं. पुढे कळलं की दुखऱ्या जागेवर अशी खूण लावायची पद्धत चांगल्या चांगल्या ठिकाणी आहे. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

वर्ध्याहून सिंदी मेघेकडे जाताना लागणारं एका ट्रस्टचं ते छोटं हॉस्पिटल. नाव सांगत नाही. झालं त्यात दोष हॉस्पिटलचा नव्हता, माझा होता. मी तिथं हाडांचा डॉक्टर म्हणून लागलो तेव्हा झाडेजींना तिथं तीस वर्षं होऊन गेली होती. डार्करूममध्ये फिल्म धुवायला म्हणून लागले आणि हळूहळू सगळं शिकून, परीक्षा देऊन टेक्निशियन झाले. त्यांचं गाव आंजी (मोठी). रोज सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं जायचे. वडील सुतार, गावाची औतं-नांगर भरून, दुरुस्त करून देणारे. झाडेजींनी रंधा सोडून हाडं धरली, पण लाकडाची नजर काही गेली नव्हती. माझ्या केबिनमधली खुर्ची करकरते हे त्यांना पहिल्याच दिवशी खटकलं. दुसऱ्या दिवशी ते डिंक आणि पाचर घेऊन आले, मला उठवलं आणि पाच मिनिटांत खुर्ची मुकी करून गेले.

अंगात बारा महिने स्वेटर. नवं मशीन आलं तेव्हा त्याच्यासाठी खोलीत एसी बसवला गेला, आणि झाडेजींना थंडी वाजू लागली. बायकोनं विणलेला राखाडी स्वेटर त्यांनी चढवला तो कायमचा. मे महिन्यात वर्ध्याला काय ऊन असतं हे सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या उन्हात झाडेजी स्वेटर घालून समोरच्या टपरीवर कढत चहा पीत उभे. कुणी विचारलं, "झाडेजी, काऊन स्वेटर घालून राह्यले या तपनात?" तर शांतपणे म्हणायचे, "मशीनले गरमी सहन होत नाई, मले थंडी सहन होत नाई. दोघायचा संसार हाय बाप्पा, एकानं तं झाकून घ्यावंच लागते."

'नॉर्मल' हा शब्द मात्र त्यांना सहन होत नसे. फोटो काढून झाला की पेशंट विचारणारच, "नॉर्मल हाय न जी?" झाडेजी कधी हो म्हणाले नाहीत. "यात दिसत नाई," एवढंच म्हणायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, नॉर्मल आहे म्हटलं की त्या बाईला बरं वाटेल." तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "नॉर्मल देवाले माहीत, साहेब. आपल्याले दिसत नाई, एवढंच आपल्याले माहीत." मला वाटलं, म्हातारा शब्दांचा कीस काढतोय.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यातच आहे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टर मुलामुलींना ते हा नियम न विचारता सांगत. एक्स-रेच्या खोलीच्या कोपऱ्यात फावड्याचा एक मोडका दांडा त्यांनी खास त्यासाठी ठेवला होता. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेला पेशंट आला की तो दांडा हातात घेत. "पाहा पोट्टेहो. दांडा कधी मधात मोडलेला पाह्यला काय? लोखंड सरते तिथंच मोडते. लोखंड वाकत नाई, लाकूड वाकते. दोघायची गाठ पडते तिथं सारा जोर येते." मग पेशंटच्या मांडीकडे दांडा रोखून म्हणत, "या बाईच्या हाडात वितीएवढी सळी ठोकून हाय. बाई पडली तं गोळ्यापाशी नका पाहू. सळी सरते तिथं पाहा. आत लोखंड असलं की पुरं हाड घ्याचं. फोटोत लोखंडाचं टोक पाह्यजे अन् हाडाचंही टोक पाह्यजे."

मुलं वहीत लिहून घेत. मी दाराशी उभा राहून ऐकत असे आणि मनातल्या मनात म्हणत असे की हे मी शिकवायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला झाडेजींचा हेवा वाटायचा. मी हिंगणघाटचा, कापड दुकानदाराचा मुलगा. लहानपणी मीही 'मले-तुले'च बोलायचो. शिकायला बाहेर गेलो आणि ती भाषा अशी धुऊन काढली की परत आल्यावर आईसुद्धा माझ्याशी जरा जपून बोलू लागली. इतकं करूनही पेशंट माझं ऐकून घ्यायचे आणि बाहेर जाऊन झाडेजींना विचारायचे, "बाबा, काय म्हणत होते जी डॉक्टर?"

एकदा असं झालं. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलणारा एक हमाल पडून मनगटावर आदळला होता. मी पाहिलं, मुरगळ आहे म्हणून सांगितलं, पट्टी बांधायला लिहिलं. झाडेजींनी त्याचं बोट विचारलं, अंगठ्याच्या मुळाशी छर्रा लावला आणि मी न सांगितलेला एक तिरपा फोटो काढला. मनगटात काजूच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. त्यात केसाएवढी रेघ होती. छर्रा अगदी तिच्या शेजारी. झाडेजी भरल्या ओपीडीत तो फोटो घेऊन आले, आणि त्यांच्या मनात काही नसताना, आनंदानं म्हणाले, "साहेब, सापडली!"

हमालाची बायको फटकन बोलली, "का माय! फोटोवाले बाबा तं डॉक्टरपेक्षा हुशार निंगाले!"

सगळे हसले. नर्स हसली, शिकाऊ मुलं हसली. मीही हसलो. संध्याकाळी बसून लेखी हुकूम काढला : 'चिठ्ठीत लिहिलेलाच फोटो काढावा. स्वतःच्या मनाने जादा फोटो काढू नये.' खाली सही, शिक्का. कारण मोठं उदात्त दिलं, रुग्णांना विनाकारण किरणांचा त्रास नको. झाडेजींनी कागद वाचला. "बरं साहेब," म्हणाले, आणि छर्रे लावायच्या त्याच चिकटपट्टीचे चार तुकडे कोपऱ्यांना लावून तो आपल्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवला.

त्याला पंधरा दिवस झाले असतील. दसरा होऊन गेला होता, घरोघरी सोयाबीन आलं होतं. आंजीच्या अनसूयाबाई अंगणात वाळत घातलेल्या सोयाबीनच्या दाण्यांवरून घसरून पडल्या. वय सत्तरीच्या पुढे. तीन वर्षांपूर्वी खुबा मोडला होता तेव्हा नागपूरला गोळा बदललेला, म्हणजे मांडीच्या हाडात सळी होतीच. मुलगा गजानन त्यांना ऑटोत घालून घेऊन आला. काठी टेकत, दात आवळत का होईना, पण त्या चालत होत्या. मी खुबा हलवून पाहिला, फारसा दुखला नाही. चिठ्ठीवर लिहिलं, 'उजवा खुबा, फक्त.' आणि त्या 'फक्त'खाली रेघ ओढली. ती रेघ कुणासाठी होती हे मला ठाऊक होतं.

पाच मिनिटांत झाडेजी चिठ्ठी घेऊन दारात उभे राहिले.

"साहेब, काकू बोटानं दाखवून राह्यली. मांडीत हाय, मधात. आत सळी हाय तिच्या. पुरं हाड घेऊ काय?"

काकू म्हणाले, कारण अनसूयाबाई त्यांच्या गल्लीतल्याच. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी वेगळं काही बोललो असतो असं आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

"चिठ्ठीत काय लिहिलंय, झाडेजी?"

"उजवा खुबा, फक्त."

"मग? वाचता येतं ना तुम्हाला?"

ओपीडीत पंचवीस-तीस माणसं होती. कुणी हसलं नाही. झाडेजींनी चिठ्ठीची बारीक घडी घातली आणि म्हणाले, "येते साहेब." आणि वळले.

फोटो आला. मी तो उजेडाच्या पेटीवर लावला. गोळा जागेवर होता, वाटी जागेवर होती. सळी खाली जाता जाता, टोक यायच्या आतच फोटो संपत होता. आणि अगदी खालच्या कडेवर अर्धा छर्रा दिसत होता. झाडेजींनी हुकूम मोडला नव्हता. पण खुबा फोटोबाहेर जाऊ न देता प्लेट जितकी खाली सरकवता येईल तितकी सरकवली होती. तरी काकूंचं बोट अर्धंच मावलं.

मला तो अर्धा ठिपका दिसला. दिसला नाही असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण दिसला होता. तो पाहून मला राग आला, एवढंच आठवतं. मी कागदावर लिहिलं : 'नॉर्मल. काठीने चालण्यास हरकत नाही.'

अनसूयाबाई चालल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठून नळाकडे जाताना मांडीतून वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि त्या खाली बसल्या. गजाननला तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू गेला. आणलं तेव्हा पाऊल बाहेर वळलेलं आणि मांडी सुजून दुप्पट झालेली. या वेळी मी चिठ्ठीवर लिहिलं, 'पूर्ण मांडी, वरपासून खालपर्यंत.' झाडेजींनी तसा फोटो काढला. हाड सळीच्या टोकाशी मोडलं होतं. तिथंच आधी बारीक फट असणार. ती तेव्हाच दिसली असती तर पाय टेकू न देता, धातूची पट्टी लावून, हाड जागच्या जागी धरता आलं असतं. आता त्याचे तुकडे झाले होते आणि एकावर एक चढले होते.

ऑपरेशनला नागपूरहून माझ्याहून जाणते एक सर्जन आले. पट्टी, स्क्रू, हाडाभोवती तारा, सगळं झालं. आतलं हाड पडद्यावर दाखवणारं यंत्र झाडेजीच चालवत. चार तास ते शिशाचा जड कोट घालून उभे होते. त्या दिवशी स्वेटर नव्हता. सर्जन म्हणाले, "बरोबर सळीच्या टोकाला गेलंय. आधीचा फोटो नाही का पूर्ण हाडाचा?" मी म्हणालो, "बघावं लागेल." झाडेजींनी यंत्राचं चाक फिरवलं आणि पुढचं चित्र पडद्यावर आणलं.

पाय वाचला, पण इंचभर आखूड झाला.

मग चौकशी. गजानन रागानं येऊन गेला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना दुपारी चारला बोलावलं. तीन वाजता, सगळे जेवणानंतर पांगलेले असताना, मी एक्स-रेच्या खोलीत गेलो. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. भिंतीवरचा माझा हुकूम मी काढत होतो. चिकटपट्टी निघता निघेना, नखांनी ओरबाडून काढत होतो. तीन कोपरे सुटले आणि पाठीमागे दार वाजलं.

झाडेजी आत आले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. जवळ येऊन चौथा कोपरा स्वतः हलकेच सोडवला, कागद फाटू न देता.

"घेऊन जा साहेब," म्हणाले. "मले पाठ हाय तो."

चार वाजता मोठ्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. "हा अपुरा आहे. कुणी काढला?"

"म्या काढला, साहेब," झाडेजी म्हणाले.

"चिठ्ठीत काय होतं?"

झाडेजींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. राग नव्हता, विनवणी नव्हती. एखाद्याला बोलायला जागा करून द्यावी तसे ते थांबले होते. आणि मी बोललो. मी म्हणालो, "चिठ्ठीत खुबा होता, सर. पण आत इम्प्लांट असलं की पूर्ण हाड घ्यायचं, हा झाडेजींचाच नियम आहे. सगळ्या मुलांना तेच शिकवतात."

या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच त्याची मला इतकी लाज वाटते. खोटं बोललो असतो तर कधीतरी पकडला गेलो असतो. मी त्यांचंच खरं उचललं आणि त्यांच्याच डोक्यात घातलं.

झाडेजींना एक्स-रेच्या खोलीतून काढून जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तिथं एसी नव्हता, तरी स्वेटर होता. एकदा धीर करून मी तिथं गेलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हणालो, "झाडेजी, तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही? हुकूम माझा होता." ते कागदांचा गठ्ठा बांधत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "हुकूम तुमचा होता साहेब, पण हात तं माहा होता. काकूचं बोट तुमाले दिसलं नाई. मले दिसलं होतं. मंग कोनाची चूक जादा?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी "तसं नाही हो" असं काहीतरी पुटपुटलो आणि घड्याळ पाहत बाहेर पडलो.

खरी शिक्षा मात्र त्यांना हॉस्पिटलनं दिली नाही, गावानं दिली. आंजीत संध्याकाळी झाडेजींच्या ओट्यावर माणसं जमत, हे मला नंतर कळलं. कुणी नागपूरचा फोटो घेऊन येई, कुणी यवतमाळचा. झाडेजी तो उजेडाला धरून सांगत, "यात दिसत नाई, पण बोट कुठं ठेवतं ते दाखव." मोफत, तीस वर्षं. अनसूयाबाईंच्या पायानंतर ते थांबलं. झाडेनं अर्धाच फोटो काढला म्हणून म्हातारी लंगडी झाली, एवढंच गावाला माहीत. गल्लीतल्या बाईचा पाय घालवला, आणि तोही तिनं बोट ठेवून दाखवलेलं असताना. ओटा रिकामा राहू लागला. आमच्याकडचा एक वॉर्डबॉय आंजीचा होता, त्यानं हे मला चहा पिता पिता सहज सांगितलं. मी साखर ढवळत राहिलो.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी नागपूरला गेलो होतो. मुद्दाम.

पुढची गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. बदललेल्या सांध्याजवळ मोडलेल्या हाडांवर माझा हळूहळू हात बसला. पेशंट वाढले, कारण गोळे बदलणारे वाढले आणि म्हाताऱ्या माणसांचं पडणं काही कमी झालं नाही. आता माझ्या चिठ्ठीवर नेहमी 'पूर्ण हाड' असतं. नागपूरला डॉक्टरांच्या एका सभेत मी यावर बोललो. पडद्यावर फावड्याच्या मोडक्या दांड्याचं चित्र दाखवलं आणि म्हणालो, "दांडा मध्ये मोडत नाही. लोखंड संपतं तिथं मोडतो." टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक तरुण डॉक्टर मुलगी येऊन म्हणाली, "सर, किती सोपं करून सांगितलंत! हे तुम्हाला सुचलं कसं?"

"अनुभव," मी म्हणालो.

परत येताना गाडीत मला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली. पुढच्या रविवारी मी आंजीला गेलो. अनसूयाबाईंचा पाय मोडल्याला तीन वर्षं झाली होती. झाडेजींना मी शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी.

ते घरी नव्हते. बायकोनं सांगितलं, "अनसूयाकाकूच्या इथं हायेत." चार घरं टाकून होतं. मी दारातून पाहिलं. अंगणात झाडेजी मांडी घालून बसलेले, समोर वडिलांचा जुना रंधा, आणि हातात बाईमाणसाची एक चप्पल. अनसूयाबाई वॉकर बाजूला ठेवून खुर्चीवर बसल्या होत्या. उजव्या पायाच्या चपलेखाली इंचभर जाडीचं लाकूड बसवलेलं, त्याच्या तळाला टायरचा तुकडा. आखूड पायाची भर. लाकूड झिजलं की झाडेजी नवं बसवतात, दर दोन-तीन महिन्यांनी. हे त्यांनी मला सांगितलं नाही, अनसूयाबाईंनी सांगितलं.

"काकू, उभी राह्य जरा," चप्पल त्यांच्या पायात सरकवून झाडेजी म्हणत होते. "आता बोटानं दाखव, कुठं टोचते. पंजानं नोको."

अनसूयाबाईंनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "या माय, डॉक्टरसाहेब! गजाननाऽ, डॉक्टरसाहेब आले. वो सूनबाई, चहा ठेव, चिवडा आण." मला खुर्ची दिली. झाडेजी "या साहेब" म्हणाले आणि चपलेकडे वळले. चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हातारे झाले होते. स्वेटर तोच, कोपरावर दुसऱ्या रंगाच्या लोकरीनं रफू केलेला.

"तुमच्यामुळं चालून राह्यले मी," अनसूयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाडेजींकडे हात केला. "या वासुदेवानं तं घोळ घातलाच होता. पन जाऊ द्या, चुकते मानूस. आता पाह्य, कसा चपला करून देते मले."

"हो काकू," झाडेजी म्हणाले. "चुकलंच."

मी चहाची बशी खाली ठेवली. आणि तोंड उघडलं तर कित्येक वर्षांनी आतून घरची भाषाच बाहेर आली.

"काकू, चूक माही होती. झाडेजीची नाई. यायनं मले इचारलं होतं, पुरं हाड घेऊ काय म्हून. म्याच नाई म्हतलं."

रंधा थांबला. गजानन दाराशी उभा होता. अनसूयाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटलो.

"ऐकलं काय रे वासुदेवा?" त्या म्हणाल्या. "कितीक मोठं मन मानसाचं! तुही चूक आपल्या आंगावर घेऊन राह्यले. एवढे मोठे डॉक्टर, अन् आपल्यावानी बोलते पाह्य!" गजाननानं मान हलवली आणि मला हात जोडले.

झाडेजींनी वर पाहिलं. मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाहिलं होतं, अगदी तसंच. राग नाही, विनवणी नाही. माझ्यासाठी जागा करून ठेवून ते थांबले होते. फक्त दुसऱ्यांदा म्हणायचं होतं. 'नाही काकू, मी मोठेपणानं म्हणत नाही, हे खरं आहे. माझा हुकूम होता, मी तो भिंतीवरून ओरबाडून काढला.' एवढंच. गजानन ऐकत होता, त्यानं गावाला सांगितलं असतं, आणि चार घरं पलीकडच्या त्या ओट्यावर संध्याकाळी पुन्हा माणसं बसली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

सूनबाईनं माझ्या हातात चिवड्याची बशी दिली.

"चिवडा छान झालाय," मी म्हणालो.

झाडेजींनी चप्पल पुन्हा मांडीवर घेतली.

"साहेबाले आणखी थोडा दे वो," ते सूनबाईला म्हणाले, आणि रंधा चालू केला.